वीस तासांबाहेरचा गोंधळ

"हात नको लावूस हं, शोपीस आहे तो," निमकर काका म्हणाले. पण तोवर माझी बोटं संबळावर पडून गेली होती.

त्यांच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, मनी प्लँट आणि पितळी समई यांच्या मधोमध, संबळाची ती जोडी लाकडी स्टँडवर ठेवलेली होती. कातडं इतकं सैल पडलेलं की बोट मारल्यावर आवाज येण्याऐवजी सुस्कारा आला. मला ते बघवेना. मी जोडी उचलली, खिडकीखालच्या गरम रेडिएटरला लावून धरली, कातडं जरा ताणल्यासारखं वाटल्यावर कमरेला टेकवली आणि जेवणाच्या टेबलावरचे दोन लाकडी चमचे घेऊन एक तुकडा वाजवला. अगदी लहानसा. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून शालिनीकाकू कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या.

"अगं बाई! अंबादास, तू गोंधळी आहेस?"

झालं. इंग्लंडात येऊन सहा-सात महिने झाले होते आणि पाचंगे या आडनावावरून तिथं कुणाला काही कळत नाही, याचं मला फार सुख होतं. वैरागच्या शाळेत पोरं मला 'ए उदो उदो' म्हणून हाक मारायची. आमच्या आप्पांनी मला लहानपणीच संबळ शिकवला आणि दहावीला बसलो तसा हातातून काढून घेतला. "आता पुस्तक वाजीव," म्हणाले. ते वाजवत वाजवत मी मिडलंड्समधल्या एका शहरात एमएस्सीला येऊन पोचलो होतो. पदवीला पाच महिने उरले होते.

निमकर काका त्या शहरातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांची दोन केअर होम होती, म्हणजे म्हातारी माणसं पैसे भरून राहतात तशी घरं. त्यातल्या एकाच्या स्वयंपाकघरात मी भांडी घासायचो. आठवड्याला वीस तास. विद्यार्थ्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना तेवढेच चालतात. एकविसावा तास भरला आणि कुणी ते वर कळवलं, तर गाशा गुंडाळायचा. आम्ही सगळी पोरं खिशातले पैसेही मोजत नव्हतो तितक्या काटेकोरपणे ते तास मोजायचो.

"देवीनंच पाठवला रे तुला!" काका खुर्चीतून उठलेच. त्यांचा आनंद मला आधी कळला नाही. मग पानं वाढता वाढता काकूंनी उलगडा केला. मंडळानं चैत्रातल्या देवीच्या उत्सवासाठी महाराष्ट्रातून गोंधळाचं पथक बोलावलं होतं. तिकिटं विकून झाली होती, आणि दोनच दिवसांपूर्वी पथकाचे व्हिसा नाकारल्याचं कळलं होतं.

"तू घाल गोंधळ," काका म्हणाले. "पथकाचं मानधन तर वाचलंच आहे."

हे शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं ते त्यांनाही कळलं. त्यांनी घाईनं माझ्या पानात श्रीखंड वाढलं.

"काका, मला पैसे घेता येत नाहीत," मी म्हणालो. "व्हिसावर लिहिलंय. स्वतःचा धंदा करायचा नाही आणि कलाकार म्हणून काम करायचं नाही."

"अरे, ते मला सांगतोस? माझ्याकडे वीस पोरं असतात कामाला." काका माझ्याकडे वाकले. "त्याची काळजी करू नकोस. तालमीचे आणि कार्यक्रमाचे तास आपण केअर होममध्ये दाखवू. त्या दोन आठवड्यांत तू तेवढे तास कमी ये. पगार तोच मिळेल. कागदावर तू भांडी घासलीस. संपला विषय!"

मी "बघतो" म्हणालो. जेवण फार छान झालं होतं आणि भरल्या पोटी माणसाला अपमान जरा उशिरा कळतो.

तो मला घरी गेल्यावर कळला, आणि तोही फिरोजनं सांगितल्यावर. फिरोज तांबोळी सांगोल्याचा, माझा खोलीतला जोडीदार. त्याच्या आजोबांची पानपट्टी एका देवळाच्या दारात होती, त्यामुळे तुणतुणं तो शाळेत जायच्या आधी शिकला होता आणि ते इकडेही बरोबर घेऊन आला होता.

"म्हंजी गोंधूळ घालायचा तू, आन् नाव भांड्याचं?" तो कांदा चिरता चिरता थांबला. "अंब्या, म्हातारं लई हुशार हाय. उद्या कुणी इचारलं तर कागूद तुझ्या सहीचा. इमानात बसणार तू. त्यो हितंच श्रीखंड खाणार."

"पण म्हणाले, सगळेच असं करतात."

"सगळी करत्यात म्हून तर सगळी भित्यात."

भांडी घासायची मला कधीच लाज वाटली नव्हती. माझ्या हातची पातेली आरशासारखी निघायची आणि त्याचा मला तोराही होता. पण न घासलेली भांडी घासली म्हणून लिहायची, आणि देवीसमोर उभं राहिलेला माणूस कागदावरून पुसून टाकायचा, हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.

सोमवारी कामावर गेलो तर डोरीननं मला भांड्यांच्या कोठारात बोलावलं. डोरीन आमच्या स्वयंपाकघराची मुख्य. किंग्स्टनहून लहानपणी आलेली, धिप्पाड, सगळ्यांना दटावणारी आणि सगळ्यांना दुसऱ्यांदा वाढणारी. आमचे तास तीच लिहायची.

"डॉक्टरांचा निरोप आलाय," ती म्हणाली. (निमकर काका एके काळी डॉक्टर होते आणि तिथं सगळे त्यांना तसंच म्हणायचे.) "पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तू इथं होतास असं लिहायचं म्हणे. तू शनिवारी इथं असणार आहेस का?"

"नाही."

"मग कुठं असणार आहेस?"

मी तिला गोंधळ समजावून सांगायचा प्रयत्न केला. देवीला बोलवायचं, तिचं कौतुक करायचं, गोष्ट सांगायची, लोक बसतात, पहाट होते. माझं इंग्रजी तोकडं पडलं तिथं मी दोन कढया पालथ्या घालून वाजवून दाखवलं.

डोरीननं त्यातल्या एका कढईवर बोटांनी ठेका धरून पाहिला. "माझी आजी अशीच रात्रभर गाण्याला बसायची," ती म्हणाली. "त्याला मी भांडी घासणं म्हणून लिहू? माझा हात झडेल. नाही लिहिणार. आणि मी येणार आहे बघायला."

विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना सल्ला देणारी एक बाई होती, तिच्याकडेही जाऊन आलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि साधं उत्तर दिलं. हौसेनं, आपल्या माणसांत, सगळ्यांना खुलं असं काही करत असशील तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण तिकीट लावून कुणी तुझ्यावर कमाई करत असेल तर तुझ्या जागी मी त्या वाटेला गेले नसते. आणि खोटे तास? तिनं नुसती भुवई वर केली.

रविवारी आप्पांना फोन लावला. तिकडे ते आंब्याच्या झाडाखाली बसलेले, पलीकडून शेळी ओरडत होती. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं ते भडकतील, फुकट गोंधळ घालतोस म्हणून.

"फुकाट घातला तर काय बिघडत न्हाई बाबा," ते म्हणाले. "म्या काय कमी घातलं का फुकाट? ज्याच्या घरात काय न्हाई त्याच्या दारातबी देवी येतीच की. पर तिकीट काढून आत सोडायचं, हे काय? गोंधळाचा मांडव चारी अंगानं उघडा का ठिवत्यात?"

"हवा यायला?"

"तुझ्या पुस्तकात तसं असंल. आरं, ज्याला यायचं त्यानं यावं म्हून. कुणाला दारात आडवून गोंधूळ घातला तर ती यायची न्हाई."

"कोण?"

"आई! आन् कोण? तुझी मावशी?" आप्पा चिडलेच. मग म्हणाले, "आन् भांडी घासली असं लिव्हू नगंस. त्या कामाचाबी मान असतोय. खोटं घासलं म्हून सांगायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी निमकर काकांच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर त्यांचे वेगवेगळ्या नगरसेवकांबरोबर हस्तांदोलन करतानाचे फोटो होते.

"काका, मी येतो. गोंधळ घालतो. एक पै नको. पण दोन गोष्टी. या गोंधळाचे तास कुठंही लिहायचे नाहीत. आणि दारात कुणाला अडवायचं नाही. तिकीट काढलंय त्यांचं ते मंडळाला देणगी म्हणून धरा, पण ज्यानं नाही काढलं त्यालाही आत येऊ द्या."

काका हसले. त्यांचं हसणं फार गोड होतं, त्यात काही खोट काढता यायची नाही. "अरे, हॉलचं भाडं असतं, जेवण असतं. मंडळ कसं चालवायचं? तू लहान आहेस, तुला व्यवहार कळत नाही."

"म्हणून तर देणगी म्हणतोय."

"बघू या."

"बघू या नाही, काका. हो म्हणा."

"बरं, हो. नीघ आता, डोरीन वाट बघत असेल."

त्या 'हो'वर मी विसंबलो. आमच्याकडे शब्द दिला की दिला, अशी माझी समजूत होती. शब्द देताना माणूस खिडकीबाहेर का बघत होता, हे मी विचारायला हवं होतं.

चैत्रातला शनिवार. गोंधळ खरं तर रात्रीचा, पण हॉल संध्याकाळी सातला रिकामा करून द्यायचा होता, त्यामुळे देवीला दुपारी तीनला बोलावलं होतं. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून दिवटी बॅटरीवर चालणारी. फिरोजनं बटण दाबून ती पेटवली आणि म्हणाला, "बघ, देवीबी आधुनिक झाली."

आम्ही मागच्या दारानं येत होतो. हॉलबाहेरच्या बोळात आमच्याच विद्यापीठाची मराठी पोरं-पोरी उभी होती. बार्शीची पल्लवी सकाळपासून पोळ्या लाटत होती. परभणीच्या ज्ञानोबानं सगळ्या खुर्च्या एकट्यानं लावल्या होत्या. चोपड्याचा हर्षल पार्किंगला उभा राहून गारठला होता. 'सेवा' म्हणून बोलावलेली ही सगळी आता आतलं दार बंद करून बाहेर ठेवली होती.

"आत जागा नाही म्हणतायत," पल्लवी म्हणाली. पण दाराच्या काचेतून मागच्या रांगा रिकाम्या दिसत होत्या. "तिकीट असेल तर बसा म्हणे."

हॉलच्या दाराशी डोरीन उभी होती. फुलांची टोपी घालून, रविवारच्या चर्चला जातात तशी सजून आली होती. तिकिटं तपासणारा गृहस्थ तिला काही समजावत होता आणि ती टोपी सावरत त्याचं ऐकून घेत होती.

माझं डोकं असं तापलं की कमरेचा संबळ काढून तिथंच त्या गृहस्थाच्या पायाशी ठेवावा वाटलं. निमकर काका पगडी घालून, उपरणं सावरत आले. गोंधळाला यजमान लागतात. मंडळातर्फे तेच जोडपं चौकाशेजारी बसणार होतं.

"काका, तुम्ही हो म्हणाला होतात."

"हे बघ अंबादास, आत दीडशे माणसं बसली आहेत. खासदारबाई आल्या आहेत. आत्ता तमाशा करू नकोस."

"पोरांना आत घ्या. डोरीनला आत घ्या."

"डोरीन?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तिला काय कळणार? आणि एकीला घेतलं की सगळ्यांना घ्यावं लागतं." मग आवाज खाली आणून, अगदी शांतपणे म्हणाले, "तुझं कामाचं वेळापत्रक मीच बनवतो, हे विसरू नकोस. आज काही वेडंवाकडं केलंस तर सोमवारी त्यात तुझं नाव दिसणार नाही. एप्रिलमध्ये, मधेच, तुला दुसरीकडे कोण घेणार? घरभाडं, फी, विचार कर."

मी विचार केला. घरभाड्याचा महिना तोंडावर होता आणि विद्यापीठाच्या फीचा शेवटचा हप्ता अजून जायचा होता. तो गेला नाही तर वर्गातून नाव कमी होतं, आणि नाव कमी झालं की व्हिसा. काका निघून गेले.

"अंब्या," फिरोज म्हणाला, "मागं फिरायचं का? आजूनबी वेळ हाय."

"नाही. आत जायचं."

"माझाबी व्हिसा त्योच हाय. एवढं ध्यानात असू दे."

"म्हणूनच जायचं. सगळी भितात, असं तूच म्हणाला होतास. तू फक्त तुणतुणं थांबवू नकोस. मी थांबेपर्यंत नाही."

आम्ही आत गेलो. पाटावर तांदळाचा चौक मांडलेला होता, वर कलश, आजूबाजूला ज्वारीच्या ताटांऐवजी कुठून तरी आणलेले बांबू. काका-काकू चौकाशेजारी पाटांवर बसले होते, काकांच्या उपरण्याची आणि काकूंच्या शालूच्या पदराची गाठ मारलेली. मी मंडळानं दिलेला झगा सावरला, कवड्यांची माळ नीट केली, संबळावर काठी घातली. काकांकडून आणलेल्या त्या शोपीसचं सैल कातडं रात्रभर रेडिएटरशी ठेवून मी ताणून घेतलं होतं. आवाज असा उसळला की पुढच्या रांगेतल्या एका आजीनं खुर्चीतच हात जोडले.

गोंधळाच्या सुरुवातीला सगळ्यांना बोलवायचं असतं. आधी गणपती, मग तुळजापूरची, मग कोल्हापूरची, माहूरची, सप्तशृंगीची, जेजुरीचा, डोंगरावरचा जोतिबा. एकेकाच्या गावाचं नाव घेऊन, गोंधळाला ये म्हणायचं. बोलावलेलं सगळं येऊन बसलं की मगच पुढची कथा. हे आवाहन मधेच तोडत नाहीत. मी सगळ्यांना बोलावलं, सावकाश, आप्पा घेतात त्या चालीत. फिरोज प्रत्येक नावाला साथ धरत होता. हॉल माना डोलवत होता. लोकांना वाटलं, आता आख्यान सुरू होणार.

मी थांबलो नाही. त्याच चालीत, त्याच ठेक्यात, पुढं घेतलं. बार्शीची पल्लवी, पोळ्या लाटून दमली, बाहेर बोळात उभी राहिली, गोंधळाला ये. परभणीचा ज्ञानोबा, खुर्च्या लावून उभाच राहिला, गोंधळाला ये. चोपड्याचा हर्षल, गारठून गेला, गोंधळाला ये. किंग्स्टनची डोरीन, फुलांची टोपी घालून दारात अडली, माय माझी, गोंधळाला ये.

आधी हशा पिकला. लोकांना तो गमतीचाच भाग वाटला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या वेळी हसू कमी झालं. तिसऱ्या वेळी माना दाराकडे वळू लागल्या. निमकर काका चौकाशेजारून मला खुणा करत होते, पुढं चल, पुढं चल म्हणून. मी त्यांच्याकडे बघून बार्शीच्या पल्लवीला पुन्हा बोलावलं.

"अहो, थांबवा हे," कुणी तरी म्हणालं.

"थांबवू नका!" पुढच्या रांगेतली आजी कडाडली. "आवाहन मोडत नसतात. बोलावलेलं माणूस आलं नाही तर कसं सुरू करणार तो?"

संबळ वाजतच होता. माझ्या हातांना गोळे आले होते. फिरोजच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्याचं तुणतुणं एका क्षणासाठीही चुकलं नाही.

आणि मग शालिनीकाकू उठल्या. हातातलं तबक खाली ठेवून त्या तडक दाराकडे निघाल्या. पूजेला बसलेल्या जोडप्याची गाठ सुटू द्यायची नसते, हे त्यांना माहीत होतं आणि काकांनाही. उपरणं ताणलं गेलं. काका एका हातानं पगडी धरून उठले आणि अख्ख्या हॉलसमोर, खासदारबाईंसमोर, बायकोच्या मागं मागं दारापर्यंत चालत गेले. काकूंनी दाराचा आडवा दांडा दाबला, दोन्ही कवाडं उघडली आणि म्हणाल्या, "या रे पोरांनो. या डोरीनबाई. तो कधीचा बोलावतोय."

पोरं लाजत लाजत आत आली. पल्लवीच्या हाताला कणीक होती. डोरीन मागच्या रांगेत बसली नाही. सरळ पुढं चालत आली, त्या आजींच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मी आवाहन पुरं केलं आणि आख्यान लावलं. मी त्या दिवशी काय आणि किती वाजवलं ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मध्ये एकदा डोरीन टाळ्यांचा ठेका धरून बसली होती आणि तो आमच्या ठेक्याला कुठंही सोडत नव्हता.

शेवटी लोक दर्शनाला पुढं आले. ताटात नोटा टाकू लागले. फिरोजनं ताटावर पंजा आडवा ठेवला. "नगा, नगा. कुंकू घ्या. नोटा आम्हाला चालत न्हाईत. आमचा व्हिसा हाय," तो प्रत्येकाला हसत हसत सांगत होता. लोकांना ते काय समजलं कोण जाणे, पण नोटा परत खिशात गेल्या.

गोंधळ संपला की यजमानानं चौकाला नमस्कार करायचा आणि मग गोंधळ्यासमोर वाकायचं. तो नमस्कार गोंधळ्याला नसतो, त्याच्या अंगी आलेल्या देवीला असतो. काकू वाकल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. मी त्यांना कुंकू लावलं. मग सगळ्या हॉलच्या नजरा काकांकडे गेल्या. ते क्षणभर उभे राहिले. पण दीडशे माणसं, खासदारबाई, आणि बांधलेली गाठ. ते वाकले. त्यांचं डोकं माझ्या पायांशी आलं, माझा हात त्यांच्या पगडीवर गेला, आणि तिथूनच, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, ते म्हणाले,

"सोमवारपासून कामाला येऊ नकोस."

पुढं बरेच दिवस मी फिरोजच्या खिचडीवर काढणार होतो. डोरीन स्वतःच्या बहिणीच्या बेकरीत मला चिकटवून देणार होती, वीस तास, एक मिनिट जास्त नाही. फीचा हप्ता उशिरा का होईना जाणार होता आणि पदवी घेऊनच मी वैरागला परतणार होतो. पण त्या घडीला यातलं मला काहीही माहीत नव्हतं. त्या घडीला मला फक्त घरमालकाचा चेहरा दिसत होता.

मी चिमूटभर कुंकू घेतलं आणि काकांच्या कपाळावर नीट, ठळक लावलं. त्यांच्या कानाशी वाकलो.

"नाही येणार, काका. पण आज इथं झालं ते काम नव्हतं. ते कुठल्या कागदावर लिहायचं नाही. भांडी म्हणूनही नाही."

मग ताठ उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून आरोळी दिली, "आई राजा उदो उदो!" हॉलनं उत्तर दिलं ते छताला जाऊन भिडलं, आणि त्यात तिकीट काढून आलेले कुठले आणि न काढता आलेले कुठले, हे दारातल्या त्या तिकीट तपासणाऱ्यालाही सांगता आलं नसतं, कारण तोही हात वर करून ओरडत होता.